दसऱ्याचे अंगठे

ज्यांच्या घराला लागून यंत्रमागाचे लूम चालतात त्यांना लूमचा आवाज ऐकू येत नाही. पाहुणे आले की कानांवर हात ठेवायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघून हसायचो. आम्हांला ऐकू यायची ती आवाज थांबल्यावरची शांतता. लाईट गेली की भिवंडीतले सगळे लूम एकदम गप्प व्हायचे. त्याची भीती नव्हती, पुरुष बाहेर येऊन विड्या ओढायचे. दुसरी शांतता मात्र चालत यायची. आधी नाक्यावरचा कारखाना बंद पडायचा, मग त्याच्या अलीकडचा, मग पिठाच्या गिरणीमागचा. आई पडवीत तांदूळ निवडत बसलेली असायची, तिचा हात थांबायचा. "आला वाटतं गो," ती म्हणायची, आणि तेवढ्यात आमचेही लूम थांबायचे. बाबा धावत येऊन कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचे. आत कामगार अंधारात, पंखे बंद, सुताच्या आणि तेलाच्या वासात बसून राहायचे. कुणी खोकायचं नाही. पगाराचे कागद तपासणारा सरकारी माणूस जीपमधून उतरायचा, कुलूप बघायचा, आमच्या पडवीत पाणी प्यायचा आणि विचारायचा, "मालक कुठायत?" आई सांगायची, "वज्रेश्वरीला गेलेत, देवीला." माझ्या लहानपणी बाबा इतक्या वेळा वज्रेश्वरीला गेले की देवीलाही त्यांचा कंटाळा आला असावा. खरे बाबा तेव्हा मागच्या पडवीत, चुलीशेजारी, गुडघ्यांत डोकं घालून बसलेले असायचे. त्यांच्याकडे तेव्हा बघायचं नाही, हे मला कुणी न सांगता समजलं होतं.

आम्ही आगरी. रस्त्याला लागून होतं ते भाताचं शेत विकून बाबांनी घरामागे शेड बांधली आणि सोळा जुने लूम घेतले. सूत व्यापारी सेठचं, कापड सेठचं, आमची फक्त विणाई, आणि तिचा दर मीटरवर सेठ ठरवायचा. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या लूमचं काय दुखतंय हे ते डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचे. अंगठ्याची मात्र त्यांना दहशत होती. माझ्या आज्यानं खाडीकडच्या मोठ्या खाचराच्या कागदावर अंगठा दिला होता, भाडेपट्टा आहे असं समजून. ते खरेदीखत होतं हे त्याला लोक कुंपण घालायला आले तेव्हा कळलं. ही गोष्ट बाबा जेवताना सांगायचे, तांदळाची भाकरी जवळ्यात बुडवता बुडवता, आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "अंगठा द्यावा त मानूस बघून द्यावा." त्यांनी बघितलेला माणूस म्हणजे मेहताजी. शहरातल्या वीसेक छोट्या कारखान्यांचे कागद ते सांभाळायचे. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, तोंडात बडीशेप. मेहताजी ज्या जागेवर बोट ठेवतील तिथे बाबा अंगठा उठवायचे, आणि कागदावर काय आहे ते विचारणं त्यांना मेहताजींचा अपमान वाटायचा.

दसऱ्याला कारखाना धुतला जायचा. वर्षभराचं काळं तेल रॉकेलनं पुसायचं, लूमना झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा. दारावर एक पत्र्याची पाटी होती, तपासनीसानं एकदा दम दिला म्हणून रंगवून घेतलेली. तिच्याखाली मेहताजी दर सहा महिन्यांनी सरकारी दराचा नवा कागद चिकटवायचे. त्या पाटीलाही हार पडायचा. आई मोठ्या टोपात रव्याचा शिरा करायची, कामगार आंघोळ करून, भांग पाडून यायचे. आरती झाली की रांग लागायची. सतरंजीवर एक लांब वही उघडलेली असायची, मेहताजी पानं उलटायचे आणि प्रत्येक कामगार त्या कोऱ्या पानांवर अंगठा उठवत जायचा. कार्तिकाचा, मार्गशीर्षाचा, पौषाचा, असा पुढच्या दसऱ्यापर्यंतचा. शाईचं पॅड धरायचं काम माझं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ते मी करत होते, आणि खरं सांगते, मला तो पूजेचाच भाग वाटायचा. हळद, कुंकू, अक्षता, मग निळी शाई. अंगठा झाला की मी त्यांच्या तळहातावर शिरा ठेवायची, म्हणून डाव्या हाताचा अंगठा शाईत आणि उजवा हात प्रसादाला. एकदा मी मैत्रिणीच्या घरी दसऱ्याला गेले आणि विचारलं, "तुमच्याकडे अंगठे कधी करतात?" तिची आई माझ्याकडे बघतच राहिली. घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा बाबांनी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात मारली.

मी कॉलेजात गेले, कॉमर्सला, तेव्हा मेहताजींची नजर कमजोर झाली होती. "आता शालू भरील वही," ते बाबांना म्हणाले, आणि मला समजावलं, "हे बघ पोरी, आकडा सरकारचा, अंगठा कामगाराचा आणि अक्षर आपलं. झालं. सोपं आहे." दर महिन्याला मी अंगठ्यांच्या डावीकडे नाव, हजेरी, मूळ पगार, भत्ता असं भरायची. कामगारांच्या हातात पडायचं ते मीटरच्या हिशेबानं. ड्युटी बारा तासांची, आणि तरी महिन्याला पडायचं ते मी लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. माझं अक्षर सुंदर होतं आणि मला त्याचा गर्व होता. त्याच सुमारास वर्गात आम्हांला कामगार कायदे शिकवत होते. सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगार स्वतः राजी झाला, सही करून दिली, तरी तो करार कायद्यात टिकत नाही. मी ते वाक्य परीक्षेत जसंच्या तसं उतरवलं आणि चांगले गुण मिळवले. घरी येऊन हात धुतले, भाकरी खाल्ली आणि मार्गशीर्षाची वही भरायला बसले. माणसाच्या डोक्यात दोन खोल्या असू शकतात आणि मधला दरवाजा वर्षानुवर्षं बंद राहू शकतो. माझा तसा होता, आणि त्याची आज मला लाज वाटते.

तो दरवाजा रामसमुझनं उघडला. रामसमुझ आमच्याकडे नऊ वर्षं होता, उत्तर प्रदेशातला, बाबांच्याच वयाचा. जेवायचा बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, पण आईच्या भाकरीवर आणि लसणाच्या चटणीवर त्याचा जीव. मुलुखाहून येताना तिच्यासाठी गुळाची भेली आणायचा, तिला भौजी म्हणायचा. एका दुपारी ड्युटी बदलताना तो दाराशी थांबला. दसऱ्याचा हार पाटीवर वाळून गेला होता. त्यानं तो हातानं बाजूला केला.

"बिटिया, तुम तो कालेज पढ़ती हो. नौ साल से फूल चढ़ा रहे हैं, ये लिखा क्या है?"

मला आनंद झाला. आमच्या घरात मला कुणी कधी वाचायला सांगितलं नव्हतं, लिहायला सांगायचे. मी टाचा उंचावून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं आणि हिंदीत सांगितलं. लूम चालवणाऱ्याला महिन्याला किती, भत्ता किती, आठवड्याची सुट्टी, जादा तासांना दुप्पट. सांगता सांगता माझा आवाज कमी होत गेला, कारण समोरचा माणूस हलत नव्हता. सोळा लूमच्या आवाजात तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"अउर हम जो अंगूठा देते हैं दसहरा पे," तो म्हणाला, "वो इसी का है?"

मी मान हलवली. तो रागावेल असं मला वाटलं. तो रागावला नाही. त्यानं हार पुन्हा पाटीवर सरळ केला, "ठीक है बिटिया," म्हणाला आणि आत गेला. मी पडवीत येऊन बसले, आईनं चहा दिला, तो मी तसाच निवू दिला.

त्यानंतरचे दोन महिने काहीच झालं नाही. तेच वाईट होतं. रामसमुझ नेहमीसारखा येत होता, आईची चौकशी करत होता. फक्त ड्युटी संपली की दाराशी थांबून एकदा पाटीकडे बघायचा. इतर कामगारही थांबू लागले. बाबांना ते जाणवलं असणार, कारण ते एकदा आईला म्हणाले, "कारखान्यान काय तरी बिघारलाय. आवाज बराबर येत न्हाय." त्यांनी लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावून सोळाही लूम तपासून घेतले. लूम ठीक होते.

माघात, सकाळची ड्युटी सुरू व्हायच्या वेळी, आतून ओरडणं ऐकू आलं. रामसमुझ सलग दोन ड्युट्या करत होता, बदली माणूस तापानं पडला होता. कापड गुंडाळणाऱ्या चाकाच्या दात्यांत त्याचा डावा हात गेला. बाबांनी स्वतः त्याला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, बिल भरलं. आईनं तीन आठवडे त्याला मऊ भात आणि मुगाचं कढण पाठवलं. हे मी बाबांच्या बाजूनं सांगतेय असं नाही, हे घडलं म्हणून सांगतेय. अंगठा मुळापासून काढावा लागला. फाल्गुनात बाबा त्याला म्हणाले, "रामसमुझ, अब लूम तेरेसे नहीं होगा. गाव जा. टिकट मैं देतो." आणि खरंच तिकिटाचे पैसे आणि वर थोडे त्याच्या खिशात घातले. रामसमुझनं ते परत सतरंजीवर ठेवले. तो गावाला गेला नाही. तो लेबर ऑफिसला गेला आणि नऊ वर्षं किमान वेतनापेक्षा कमी मिळालं असा दावा लावून आला.

नोटीस आली ती मीच वाचून दाखवली. बाबा ओट्यावर बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला हा सगला कोनी शिकवला?" आईचे हात परातीत थांबले. मी म्हटलं, "मी पाटी वाचली बाबा. त्यानं विचारलं म्हणून." ते मला मारतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "मलाच सेठ पुरा देत न्हाय शाले. मी कुठून देऊ? तुज्या पुस्तकान ता लिवलाय का?" त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पुस्तकात ते लिहिलेलं होतं. मालकाची ऐपत नाही हे कारण चालत नाही, असं लिहिलेलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मेहताजी आले, बडीशेप चघळत. म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. त्याच्याकडे तोंड आहे, आपल्याकडे कागद आहे. आणि दावा जास्तीत जास्त मागच्या सहा महिन्यांचा धरतात, नऊ वर्षांचा नाही. शालू, वही आजच्या तारखेपर्यंत पुरी कर. रामसमुझचं नाव चालू ठेव. अपघात झालाच नाही, कामावरून काढलंच नाही, पगार दरमहा पुरा दिला. बस." आणि ते बाबांशी बोलत पडवीत गेले. मी वही उघडली. मार्गशीर्ष, पौष भरलेलेच होते, अपघातानंतर मात्र मी वही हातात घेतली नव्हती. माघाचं पान आलं. रामसमुझच्या नावासमोर त्याचा डावा अंगठा होता, निळा, स्वच्छ, अख्खा, मधोमध जुन्या जखमेची तिरकी रेघ असलेला. फाल्गुनाच्या पानावर तोच. चैत्राच्या पानावर तोच. ज्या महिन्यांत त्या हाताला अंगठाच नव्हता, त्या महिन्यांचे अंगठे माझ्यासमोर रांगेनं उठलेले होते. मी पेन खाली ठेवलं. पडवीतून बाबांचा आणि मेहताजींचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर मेहताजींनी ती तीन पानं फाडून दुसरी शिवली असती, त्यांना ते काम यायचं.

मी हाक मारली नाही. माघ भरला, फाल्गुन भरला, चैत्र भरला. हजेरी पूर्ण, पगार पूर्ण, अक्षर नेहमीसारखं सुंदर. इतकी वर्षं झाली, मला नातवंडं झाली, तरी मला सांगता येत नाही की मी ते घाबरून लिहिलं की मुद्दाम. कधी वाटतं मुद्दामच. कधी वाटतं, आपण नंतर स्वतःला मोठं करायला तसं समजतो. आमच्या शेताच्या जागी आता गोडाऊन आहे. परवा तिथून जाताना पाहिलं, दाराशी एक छोटं मशीन आणि समोर पोरापोरींची रांग. प्रत्येक जण त्यावर अंगठा ठेवून आत जात होता. मी एका पोरीला विचारलं, "दिवसाचा किती पडतो ग?" ती म्हणाली, "ठेकेदाराला माहीत."

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, बाबा, मेहताजी आणि मी. लेबर ऑफिसचे साहेब बारीक चणीचे होते, सर्दी झालेली, टेबलावर रुमाल. समोरच्या बाकावर रामसमुझ एकटा, डावा हात शालीत. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मेहताजींनी वही पुढे केली. साहेब पानं उलटू लागले, एकेक, सावकाश. पंख्याची किरकिर चालू होती. मी मनात महिने मोजत होते. पौष. आता माघ. साहेब माघावरून पुढे गेले. फाल्गुन. पुढे गेले. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी चैत्रापर्यंत वही पाहिली, मिटली आणि म्हणाले, "कागद तर व्यवस्थित दिसतात. तुझं काय म्हणणं?"

रामसमुझला वही वाचता येत नव्हती. आत कुठले महिने आहेत हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला, म्हणाला, "साहब, हम का कहें," आणि हात जोडायला त्यानं शाल बाजूला केली. जोडलेल्या हातांत एक अंगठा होता. साहेब त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी वही पुन्हा उघडली.

"हे कधी झालं?"

"माघ में, साहब."

मेहताजी बडीशेप चघळायचे थांबले. साहेबांनी तीन पानांवर तीन बोटं ठेवली आणि विचारलं, "अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"अंगठे कधी घेतले?"

बाबा माझ्याकडे वळले. गप्प राहा असं ते म्हणाले नाहीत. चुलीशेजारी गुडघ्यांत डोकं घालून बसायचे तेव्हा मी ज्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं होतं, तोच तो चेहरा. या वेळी मी त्याच्याकडे बघितलं आणि साहेबांना सांगितलं, "दसऱ्याला. सगळ्यांचे. वर्षाचे एकदम. पॅड मी धरते."

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. बाबा साहेबांना म्हणाले, मीटरचा दर सेठ ठरवतो, मी काय करू. साहेब नाक पुसत म्हणाले, "मीटरवर द्या, ताग्यावर द्या, दिवसाची बेरीज किमान दराच्या खाली जाता कामा नये. तुमचं आणि सेठचं तुम्ही बघा." फरकाच्या दहापटीपर्यंत दंड लावता येतो हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून बाबांनी बाकाची कड धरली. तडजोड झाली ती तीन तारखांनंतर. सहा महिन्यांचा फरक, त्यावर दोनपट, हप्त्यांनी. त्यासाठी आठ लूम भंगाराच्या भावात गेले. अर्धी शेड रिकामी झाली, उरलेल्या आठ लूमचा आवाज तिच्यात घुमायचा आणि आईला झोप लागेनाशी झाली. रामसमुझला नऊ वर्षांतल्या सहा महिन्यांचं मिळालं. अंगठ्याचं वेगळं काही मिळालं नाही, त्याच्या दाव्याची वाट त्याला कुणी दाखवली नाही. मीही दाखवली नाही, कारण मला अजून त्याच घरात राहायचं होतं.

तडजोडीच्या दिवशी मेहताजी आले नाहीत, निरोपही आला नाही. कारकुनानं टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला. दोन पानं, खाली दोन रिकाम्या जागा. पॅड मी सवयीनं हातात घेतलं. आधी रामसमुझ पुढे आला. त्यानं डावा हात उचलला, थांबला, आणि उजवा पुढे केला. कारकून घाईत होता. "चला बाबा, तुम्हीपण," तो वडिलांना म्हणाला, "जेवायची सुट्टी होतेय." बाबांनी अंगठा पॅडवर दाबला. इतक्या जवळून तो मी पहिल्यांदाच बघत होते, तेलानं काळा पडलेला, नखाशी चिरलेला. कारकुनानं जागेवर बोट ठेवलं. बाबांचा अंगठा त्या बोटाच्या वर, कागदापासून दोन बोटं उंच थांबला. शाई सुकत चालली. रामसमुझचाही उजवा हात तसाच हवेत राहिला.

"शाले," बाबा म्हणाले, "आधी वाच."

कारकुनानं घड्याळ बघितलं. मी कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले, एक वाक्य मराठीत, तेच मग हिंदीत. रामसमुझ बाक ओढून बाबांच्या शेजारी येऊन बसला.